रामभाऊंच्या नावावरची चोरी

रामभाऊ चोर नव्हते.

आज सकाळी ते गेले. दुपारी स्मशानात माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बिअर कंपनीतला पितळचोर तो हाच काय?"
मी मान वळवली नाही. म्हणून आता लिहितोय.

पन्नास वर्षं होत आली. चिखलीजवळ आमची छोटी बिअर कंपनी होती. रामभाऊ बाटल्या भरायच्या मशीनवर, मी पॅकिंगला.
मालकाचं दिवाळं निघालं आणि सगळे कामगार एका दिवसात घरी. दारूची कंपनी, म्हणून गावात कोणाला साधं वाईटही वाटलं नाही. तेलाची असती तर मोर्चे निघाले असते.

कोर्टानं सील ठोकलं. चौकीदार म्हणून एकालाच ठेवणार होते. कोर्टाच्या साहेबांनी रामभाऊंना विचारलं, ते सगळ्यांत सीनियर.
"मले नका ठेवू. याले ठेवा साहेब, याची बायको दोन जीवाची हाये."
नोकरी मला मिळाली.

खंडेनवमीला रामभाऊ नारळ आणि झेंडूचा हार घेऊन गेटवर हजर. मशीनची पूजा दरवर्षी तेच करायचे.
"भाऊ, सील हाये."
"कंपनी बुडवली मालकानं. मशीननं काय बिघडवलं बे कोणाचं? पाच मिन्टं उघड."

उघडलं. सीलची दोरी मी कापली. माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मशीनला कुंकू, हार. पितळी नळ गायब.
ते नळ मालकानं सील लागायच्या आधीच गाडीत घालून नेले होते. आम्हा कामगारांना ठाऊक होतं, पण मालकाविरुद्ध बोलायला कोणी तयार नव्हतं.
"कोण घुसलं होतं?"
"रामभाऊ असतील साहेब. मी जेवाले गेलतो."

पोलिसांसमोर रामभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. दोरी मीच कापली." नळांची चोरीही त्यांच्याच नावावर लागली.

खामगावच्या एका मिलमध्ये त्यांचं काम ठरलं होतं. ते गेलं. पुढे कुठल्याच कंपनीनं त्यांना दारात उभं केलं नाही. एवढा कसबी माणूस, जन्मभर हमाली केली.

माझी चौकीदारी आठ महिने टिकली.

माझ्या मुलीच्या बारशाला ते आले. जेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी टाकू नका. ज्यांनी ज्यांनी त्यांना चोर म्हटलं, त्यांना ही पोस्ट दाखवा.
रामभाऊंच्या मुलाला टॅग केलंय. बापानं त्यालाही कधी खरं सांगितलं नाही. तोही त्यांना चोरच समजत आला.

श्रद्धांजली वाहायला माझा हात उचलत नाही.
या आता, भाऊ.