डगल्याचं अस्तर

माझ्या भागीदाराने मला फसवलं. हिशेबात नाही, तिथे मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

लंडनच्या वेम्बलीत आम्ही दोघं जुन्या वस्तू विकायचो. दोन हजार चारच्या हिवाळ्यात एका म्हातारीचं घर रिकामं करताना आम्हाला जपानी सामुराईचा डगला मिळाला. चिलखतावर चढवायचा, बिनबाह्यांचा, बाहेरून लाल लोकरीचा. आत अस्तर मात्र फुलाफुलांच्या छिटाचं. विकणाऱ्यासमोर मालाला कधी चांगलं म्हणायचं नाही, हा माझा नियम. "आत नुसती चिंधी आहे," म्हणत मी भाव पाडला.

घरी बायकोने आत हात घातला. केमोमुळे तिची बोटं सतत गार असायची.

"अहो, हे आपल्याकडचं छीट आहे! आईच्या गोधडीत अस्संच होतं. कुठल्या कुठल्या लढाया बघून आलं असेल!"

एके जागी फाटलं होतं, तिथे तिने निळ्या दोऱ्याने चार टाके घातले. निळाच का? "हाताशी तोच होता. तुमचा सामुराई काही भांडायला येत नाही."

महिनाभर डगला तिच्या गुडघ्यांवर असायचा. "विकाल तेव्हा अस्तर तेवढं मला ठेवा," एवढंच तिने मागितलं. मी भागीदाराला तसं बजावलं.

मग तिला हॉस्पिटलात ठेवलं. गिऱ्हाईकाला दाखवतो म्हणून भागीदार डगला घेऊन गेला. आठवड्याने मी दुकानात गेलो, तर आत कोरं रेशीम.

"अस्तर कुठाय?"

"फेकलं रे. तूच म्हणालास ना, चिंधी आहे?"

मी त्याची कॉलर धरली. मग सोडली. शब्द माझाच होता.

वॉर्डात ती रोज विचारायची, "आणलंत?" मी म्हणायचो, "उद्या." धंद्यात कुणाचं 'उद्या' मी ऐकून घेतलं नाही. तिला मात्र शेवटपर्यंत तेच ऐकवलं.

दोन वर्षांनी ग्लासगोच्या एका विक्री-प्रदर्शनात काचेमागे ते छीट दिसलं. कोपऱ्यात चार निळे टाके. विक्रेत्याने खरेदीचा कागद दाखवला. खाली माझ्या भागीदाराची सही, आणि तारीख बायको गेल्यानंतरची.

म्हणजे ती विचारत होती, तेव्हा कापड तुझ्याच घरात होतं. तू द्राक्षं घेऊन तिला भेटायला आलास, तिच्या उशाशी बसलास. तिच्या हातचं तू किती वर्षं जेवलास! माझ्याशी बोलू नकोस. पण तिने विचारलं होतं, "आणलंत?" त्याचं उत्तर तू दे.