वजनाला या

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून ज्या काही मोठ्या चारचाकी गाड्या असतील, त्या सगळ्यांच्या पोटाखाली आमचे साडू एकदा तरी उताणे पडून आलेले आहेत. यात अतिशयोक्ती असलीच तर दोन-चार गाड्यांची असेल, आणि त्याही परवाच शोरूममधून बाहेर पडलेल्या असतील. लग्नाला गेलेली माणसं आधी मांडवात जातात, नवरा-नवरी बघतात, पंगत कुठं बसलीय याचा अंदाज घेतात. साडू थेट गाड्या लावल्या असतील तिकडे जातात. खिशातला मोठा रुमाल जमिनीवर अंथरतात, डोक्यावरची टोपी पोटावर ठेवतात आणि बघता बघता दिसेनासे होतात. मग कुठल्यातरी पांढऱ्या गाडीखालून फक्त त्यांचे दोन पाय दिसत राहतात. न्हावऱ्याच्या एका लग्नात गाडीमालकाला ते पाय दिसले आणि तो चोर समजून काठी घेऊन धावत आला. साडू आतूनच शांतपणे म्हणाले, "डाव्या चाकापाशी रबर फाटलंय, ग्रीस गळतंय. कवा बघितलं हुतं शेवटचं?" मालकाने काठी बाजूला ठेवली आणि तोही दुसऱ्या बाजूने आत शिरला. दोघे बाहेर आले तेव्हा लग्न लागून पहिली पंगत उठलेली होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. रांजणगावच्या एका कारखान्यात ते बाहेरून आलेल्या मालाची तपासणी करतात. आलेला माल मोजायचा, घासायचा, उजेडात धरायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची, हे त्यांचं काम. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे होल्ड, हिरवी म्हणजे ओके. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला जगात तीनच रंग दिसायला लागतात. साडू कलिंगडही याच पद्धतीने घेतात. बाजारात फळवाल्याच्या निम्म्या ढिगाला होल्डवर टाकून ते पुढच्या गाडीकडे जातात, आणि फळवाला बिचारा ती कलिंगडं तशीच बाजूला ठेवतो. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी माझी नोकरी विचारली, मामांनी शेती विचारली. साडूंनी विचारलं, सायकल किती वर्षं वापरलीत? आठवीपासून एकच, मी म्हणालो. ते उठून मागच्या अंगणात गेले, सायकल उलटी केली, चाक फिरवलं, साखळीवरून बोट फिरवून वास घेतला आणि परत येऊन सासऱ्यांना म्हणाले, "माणूस वस्तू जपतोय. चालंल." साखळीला तेल माझे वडील घालत, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांच्या या गाडीच्या वेडाचं मूळ माझ्याच लग्नात आहे. लग्न आमच्याकडे दौंडला होतं. त्या वेळी साडूंच्या घरात माणसं सात. ते, आक्का, तीन मुलं, आणि कवठे येमाईला राहणारे त्यांचे वडील, म्हणजे आबा, आणि आई. वाहन म्हणजे एक मोटारसायकल. साडूंनी रीतसर कागदावर आखणी केली. आक्का आणि मुलं शिरूरहून एसटीने, आबा पहिल्या फेरीत, आई दुसऱ्या फेरीत. आखणीत खोट नव्हती, पण पारगावजवळ मागचं चाक पंक्चर झालं. आई पोहोचल्या तेव्हा मंगलगाथा संपल्या होत्या, फुलांच्या पाकळ्या झाडून एका कोपऱ्यात लोटल्या होत्या आणि आम्ही नवरा-नवरी जेवायला बसलो होतो. आईंनी ओच्यात बांधून आणलेल्या शेवंतीच्या पाकळ्या मग आमच्या ताटांवरच टाकल्या. त्या दिवशी मी शेवंतीसकट जिलेबी खाल्ली. सगळे हसले. साडू हसले नाहीत. हात धुवायच्या टाकीपाशी मला गाठून ते म्हणाले, "एक गाडी घिनार. घरातली सात माणसं एका टायमाला निघतील आन् एका टायमाला पोचतील."

सात माणसं, एक वेळ. एवढी साधी अट. पण गाडी भरवशाची पाहिजे, आणि भरवसा ही गोष्ट साडू कुणाच्या तोंडी सांगण्यावर ठेवत नाहीत. पैसे साठले तशी शोधाला सुरुवात झाली, आणि हा शोध नऊ वर्षं चालला. दौंडच्या एका जुन्या मिस्त्रीला त्यांनी विचारलं की तुमच्याकडे दुरुस्तीला कधीच येत नाही अशी गाडी कोणती. मिस्त्रीने डोकं खाजवून एका गाडीचं नाव सांगितलं. साडूंनी मग शिरूर, केडगाव, पाटस, सगळीकडच्या गॅरेजात चौकशी केली. कुणीच ती गाडी कधी उघडलेली नव्हती. साडूंचा आनंद गगनात मावेना. दोन महिने ते त्याच गाडीचे गोडवे गात होते. मुलांनी तिचं चित्र भिंतीवर लावलं. मग एकदा मी विचारलं की दाजी, ही गाडी आपल्याकडे आहे तरी कुणाकडे? त्यांनी पुन्हा सगळी फेरी मारली. दोन्ही तालुक्यांत ती गाडी कुणीच घेतलेली नव्हती. चित्र भिंतीवरून उतरलं आणि त्यानंतर एक महिना त्यांनी मला फोन केला नाही.

शोरूमवाल्यांशी तर त्यांचं कधीच जमलं नाही. पुण्यात एका ठिकाणी तिथल्या माणसाने मोठ्या कौतुकाने छतातली सरकती काच उघडून दाखवली. साडू वर बघत राहिले. "आमच्या आबांनी जलमभर छप्पर गळू नये म्हणून पत्रे बदलले, आन् मी भोक पाडलेलं छप्पर इकत घेऊ?" आबा शेजारीच होते, त्यांनी मान डोलावली. मग साडूंनी सातही जणांना त्या गाडीत बसवलं, दारं लावून घेतली आणि घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला तरी कुणी उतरेना. आबांना झोप लागली, मुलांची खिडकीवरून भांडणं झाली, आईंनी डबा सोडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली. शोरूमच्या माणसाने शेवटी काचेवर टकटक केलं. साडूंनी काच चार बोटं खाली घेऊन सांगितलं की आत्ताशी चौफुला आलाय, आम्ही दौंडला उतरणार. शिरूर ते दौंड जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माणसं अवघडल्याशिवाय बसतात का, हे बघायचं होतं. पाटसच्या आसपास आईंच्या गुडघ्याला कळ लागली आणि ती गाडी रिजेक्ट झाली. जागेवरून न हललेल्या गाडीने साडूंच्या घरातली सात माणसं जेवढी लांब नेली, तेवढी खऱ्या गाडीनेही कधी नेली नाहीत.

मागच्या रांगेची तपासणी माझ्यावर व्हायची, कारण सगळ्या नातेवाइकांत माझे पाय लांब. गुडघे कानाला लागले की साडू वहीत काहीतरी लिहायचे. उसाचा हंगाम सुरू झाला की रविवारी ते मला घेऊन पाटसच्या रस्त्याला उभे राहत. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलेल्या गाड्यांपैकी कोणती तापते, कोणाचा क्लच करपल्याचा वास येतो, याचीही नोंद व्हायची. गाड्यांचे मालक घामाघूम होऊन शिव्या देत असत आणि साडू काचेतून आत डोकावून ताई, मागं हवा लागतीया का, असं विचारत असत. मी त्यांच्यापासून दहा पावलं लांब उभा राहून रसवंतीत गिऱ्हाईक असल्याचं सोंग करत असे.

या नऊ वर्षांत गाड्या बदलल्या तशी माणसंही बदलत गेली, पण साडूंच्या वहीत माणसांचं पान नव्हतं. पाचव्या वर्षी आबा गेले. पिवळी चिठ्ठी लागलेल्या एका गाडीबद्दल त्यांनी आदल्या आठवड्यातच विचारलं होतं. पुढं थोरलीचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. मुलाला होसूरला नोकरी लागली. धाकटी नर्सिंगला कोल्हापूरला, हॉस्टेलवर. साडू मात्र सात सिटांच्या खाली बोलायला तयार नव्हते. मी एकदा भीत भीत छोट्या गाडीचं नाव काढलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला आपल्याला लाल चिठ्ठी बांधलीय असं वाटलं.

शेवटी गेल्या दिवाळीनंतर एका गाडीत त्यांना काहीच खोट सापडेना. ते अस्वस्थ झाले. तीनदा जाऊन आले, तिच्याखाली तीनदा झोपले. शेवटी निरुपायाने घेतली. शोरूममध्ये कुणी चाकाखाली लिंबू ठेवायला निघालं तर साडू म्हणाले की लिंबू राहू द्या, हवा किती भरलीय ते सांगा. आईंनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, साडूंनी मोजूनमापून बसवून घेतलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्याला कळ न लागता पुढच्या सीटवर बसल्या. आक्का मधल्या रांगेत बसली. आईंनी मान वळवून मागच्या मोकळ्या सिटांकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् मागं कोण बसणार हाय?" साडूंनी किल्ली फिरवून गाडी सुरू केली. हे मला नंतर आक्काने सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

पुढच्या शनिवारी मला फोन आला. जयभीम झाल्यावर साडू एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागले. "सात माणसांची गाडी तीन माणसांवर चालीवली तर मागचं सस्पेन्शन कडक ऱ्हातंय. तुम्ही चौघं उद्या वजनाला या. मी घ्यायला येतो." मी, बायको आणि आमची दोन मुलं. चार आणि तीन, बरोबर सात. तेव्हापासून दर रविवारी आमची वरात निघते. साडू शिरूरहून येतात, आम्हाला भरतात, कधी भुलेश्वर, कधी नुसतं पाटसपर्यंत जाऊन चहा पिऊन परत. बायकोने मला रात्रीचा भात बंद केला होता. साडूंनी तिला बजावलं की यांचं वजन कमी करायचं न्हाई, मागची उजवी बाजू यांच्यावर हाय.

गेल्या रविवारी परत येताना मी गमतीत म्हणालो की दाजी, वजनच पाहिजे तर शिरूरच्या बाजारातून ज्वारीची चार पोती टाका की मागे, आमचे दर रविवारी हाल कशाला. आक्का एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. पुढे बसलेल्या आई हातातल्या शेंगा सोलायच्या थांबल्या. साडूंनी आरशातून मागच्या रांगेकडे पाहिलं. "पोत्याला, परत कवा येता, आसं इचारता येत न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला. मला वाटलं, साडूंचं ऐकून मुकाट्याने कलिंगडं बाजूला ठेवणाऱ्या फळवाल्याला आहे तेवढीही समज मला नाही.

आमच्या दारात आम्ही उतरलो. साडूही उतरले, खिशातून टेप काढली आणि मागचं चाक आणि पत्रा यांच्यामधली फट मोजली. ते नेहमी मोजतात, आम्ही बसण्याआधी आणि उतरल्यावर. "बघा," ते म्हणाले, "तुम्ही उतरला की गाडी दोन बोटं वर येतीया." मग त्यांनी टेप गुंडाळली, पण गाडीत बसले नाहीत. त्या फटीकडे बघत तसेच उभे राहिले. मग विचारलं, "परत कवा?"

पुढच्या रविवारी थोरल्याचा क्लास होता, धाकट्याची परीक्षा होती आणि मला शाळेचे पेपर तपासायचे होते. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, रविवारी.