थोरल्यांचं नाव

‘१४ ऑक्टोबर. मुलाची बोट कालच यायला हवी होती. वारा पडला, पण बातमी नाही.’ एवढं डायरीत लिहून सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं.

मुलगा समुद्रात असला की त्या घरात देवमासा हा शब्द कुणी उच्चारत नसे. ‘थोरले’ म्हणायचं. नाव घेतलं की तो बोटीवर चालून येतो, अशी खलाशांची समजूत. जिवाला विरंगुळा म्हणून सून एक जुनी दर्यावर्दी कादंबरी मोठ्याने वाचत होती, तीही शब्द बदलून. पण कादंबरीतल्या थोरल्यांनी जहाजाला धडक दिली आणि तिच्या तोंडून नेमका देवमासा निसटला.

“घेतलंस ना नाव!” सासूबाईंचा चेहरा उतरला.

“आई, प्रस्तावनेत लिहिलंय, तो माणसाच्या सुडाचं प्रतीक आहे.”

“प्रतीक लाकडं फोडतं होय गं?”

“एक जहाज खरंच तसं फुटलं होतं. त्यावरूनच सुचलं लेखकाला.” सून घाईने म्हणाली, “कादंबरीत एक सोडून सगळे बुडतात. खऱ्या जहाजावरचे काही जण मात्र होड्यांत तग धरून घरी आले.”

“मग ते खरं तेवढं वाच.”

सून प्रस्तावनेतलं तेवढंच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली. दिवेलागणीला फोन वाजला.

“आई, इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. बंदरात आहे.”

“इंजिनच ना? नक्की?”

“मग काय असणार?”

सासूबाईंनी फोन ठेवला. त्यांनी डायरी उघडून लिहिलं : ‘न्हाणीघरातला नळ गळतो आहे. उद्या मुलाला वायसर बदलायला सांगणे.’