ब्रेकवालीचे पाय

आमच्या शेजारच्या दारात राहते ती ब्रेकवाली. हे नाव मीच ठेवलंय आणि तिलाही ते माहीत आहे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत तिच्याही पायाशी एक ब्रेक आहे. शिकणारा गडबडला की ती दाबते. दाबून दाबून अशी खोड लागलीय की माझ्या सोफ्यावर बसून टीव्ही बघतानासुद्धा गाडी अंगावर आली, की हिचा पाय फरशीवर आपटतो. माझी एक कपबशी त्यातच गेली.

नवरा परगावी नोकरीला, म्हणजे सुट्टीपुरता बाप. घरात ही आणि नुकतीच अठराची झालेली लेक. लेकीला कॉलेजातला एक मुलगा आवडला, तेव्हा ब्रेकवाली माझ्यापाशी कौतुकच करायची. सारखा फोन करतो म्हणे; कुठे आहेस, कोणासोबत आहेस, फोटो पाठव. किती काळजी घेतो! मी म्हटलं, एवढी काळजी तर वॉचमनही घेत नाही, आणि त्याला पगार मिळतो. हसण्यावारी नेलं तिने.

मग लेकीचं व्हॉलीबॉल सुटलं, त्याला आवडत नाही म्हणून. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट सुरू झाले. एका दुपारी भांडी घासताना बाही वर सरकली आणि मनगटावरचे बोटांचे निळे वळ आईला दिसले.

ब्रेकवालीने काय करावं? करकचून ब्रेक. फोन काढून घेतला, मेसेज वाचले, बाहेर जाणं बंद. रोज माझ्या दारात उभी राहून त्रागा, की या पोरीला कळत कसं नाही. मी तरी काय सांगणार, कपाळाला हात लावून ऐकायचे. आमच्या भिंती पातळ, त्यामुळे पोरीचं उत्तरही मला आयतं मिळालं.

"तो माझा फोन तपासतो, तूही तपासतेस. कुठे होतीस म्हणून तो विचारतो, तूही विचारतेस. मग तुला कशाला सांगू?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला; ब्रेकवालीने लेकीचा फोन परत दिला.

रविवारी बाजारापर्यंत फुकट जायला मिळेल म्हणून मी तिच्या गाडीत मागे बसले. बघते तर लेक चालवतेय, आणि ब्रेकवाली चपला काढून, पाय वर घेऊन, सीटवर चक्क मांडी घालून बसलेली! मी दाराचं हँडल घट्ट धरलं. पोरीने गाडी दोनदा बंद पाडली, एका टेम्पोला घासता घासता राहिली. आई ओठ मिटून स्वतःचेच गुडघे दाबून धरत होती. लेकीचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. कोणाचा ते आईने विचारलं नाही. मला जीभ आवरणं किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

शेवटी पोरीने गाडी कडेला घेतली. समोर बघतच म्हणाली, "सोडते म्हटलं की तो म्हणतो, जिवाचं बरंवाईट करून घेईन."

"ते तू एकटीने सांभाळायचं नाही." ब्रेकवालीचा आवाज कापत होता, पाय मात्र वरच होते. "त्याच्या घरी सांगायला हवं. मी सांगू, की तू बरोबर असशील?"

"मी असेन."

आता गाडी मार्गी लागली, असं मला वाटलं. कसलं काय! त्याच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, या वयात मुलं जरा तापट असतातच. इकडे पोरगी चार दिवस त्याला टाळते, पाचव्या दिवशी त्याचा रडका मेसेज आला की विरघळते. ऐकून माझंच डोकं उठतं. ब्रेकवाली नखं खाते, पण फोन मागत नाही.

काल मात्र लेकीनेच आईला फोन केला. तो कॉलेजच्या फाटकाशी तिची वाट अडवून उभा होता. ब्रेकवालीने शिकायला आलेल्या काकांना भर रस्त्यात मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी पिटाळली. पुढचं काकांनीच मला सांगितलं. लेक गाडीत शिरली, तो काचेवर थापा मारत राहिला.

"निघू?" आईने विचारलं.

"निघ."

आज सकाळपासून भिंतीपलीकडे पुन्हा फोन वाजतोय. मी कान भिंतीला लावून बसलेय. अजून तरी कोणी उचललेला नाही.