म्हशी कुठे बसतात

बोलता बोलता काका भिंतीवर बोटाने टकटक करायचे आणि कान लावायचे. लिफ्टची भिंत असो नाहीतर मेट्रो स्टेशनचा खांब. "भिंत सांगते गं, आपल्यालाच सवड नसते," हे वर ठरलेलं. दिल्लीच्या मयूर विहारमधले आमचे शेजारी, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, आता एकदा तरी स्वतः काही शोधायचं, एवढीच त्यांची हौस होती.

नोएडाच्या सेक्टरांमध्ये अडकलेलं एक जुनं गाव आहे. कोणतं ते विचारू नका. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला मी आणि काका तिथे गेलो होतो. नवी नवरी घरात शिरण्याआधी चाऱ्याच्या कोठीपाशी गेली, तिथल्या भिंतीवर हळदीचे हात उमटवले आणि वाकून नमस्कार केला. काकांनी कान टवकारले.

"अम्मा, यहाँ क्या है?" त्यांनी नवरदेवाच्या आजीला विचारलं.

"कुछ नहीं, बाबूजी. दीवार है."

झालं! दर रविवारी काका मला घेऊन त्या गावात. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तेच. इकडे काकांनी सोसायटीच्या गणपतीसाठी व्याख्यानही जाहीर करून टाकलं, 'एका गावाचं गुपित'. गुपिताचा अजून पत्ता नव्हता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

ऐन उन्हाळ्यात एकदा पाहतो तो काय, कडुनिंबाची सावली सोडून सगळ्या म्हशी त्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या. काका सरळ म्हशींच्या मध्ये शिरले आणि भिंतीला गाल लावला. गारेगार!

"अम्मा," ते ओरडलेच, "पानी मीठा है क्या?"

अम्मा पदराआड खुदकन हसली. पेंढ्या सरकवून तिने आम्हाला कोठीत नेलं. आत दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, तळाशी पाणी. गावातल्याच एका सुनेने कधीकाळी ही बारव बांधवून घेतली, म्हणून प्रत्येक नव्या सुनेचा पहिला नमस्कार तिला. शेजारच्या गावातल्या बारवेचा गवगवा झाला, तिच्यावर आधी पुरातत्त्व खात्याची पाटी लागली, मग कुलूप. तिथल्या सुना आता जाळीबाहेरून हात जोडतात. म्हणून अम्माच्या सासऱ्यांनी ही भिंत घातली.

"बाबूजी, बता दोगे?"

काका पायऱ्या उतरून तळाशी गेले. ओंजळभर पाणी प्यायले.

गणपतीत हॉल भरला होता. काका उभे राहिले आणि म्हैस बसायला जागा कशी निवडते, यावरच अर्धा तास बोलले. लोक हसून बेजार. "काकांचं वय झालं यार," मागून कोणीतरी म्हणालं. काकांनी ते ऐकलं आणि मला डोळा मारला. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी अम्माला सांगायला गेले, तर तिने हळद कालवली आणि माझा हात धरून भिंतीवर उमटवला. "बाबूजी की तरफ़ से," म्हणाली.

मी हात धूत होते, तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण आला. "मॅडम, यहाँ क्या है?"

मी भिंतीवर बोटाने टकटक केली.

"कुछ नहीं. दीवार है."