आमच्या गल्लीतली सातवीण

दिवाळीच्या तोंडावर सातविणीचा उग्र वास सुटला की गल्लीत कोणती झाडं लावायची हे ठरवायला भरलेली ती बैठक आठवते. चंद्रपूरच्या उन्हात आमची गल्ली उघडीबोडकी, आणि झाडांची यादी माझ्याकडे. बकरी खाते का, तारांना लागते का, मुळं नाली फोडतात का, असे रकाने आखून मी सातवीण ठरवली, कारण तिला बकऱ्या तोंड लावत नाहीत. शेजारच्या मावशींनी विचारलं, "याच्या फुलाले वास असते का, बाई? मले दमा आहे." "मावशी, फुलं काय पाहता, सावली पाहा!" मी म्हटलं आणि सगळे हसले. काही वर्षांनी झाडं फुलली तशी मावशींना धाप लागली. आता दरवर्षी हा महिना त्या मूल गावी लेकीकडे काढतात. झाडं तोडायच्या अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, माझीच राहिली आहे.