हार घातलेली सायकल

सायकल घ्यायचं मी ठरवलं ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी. वाचायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं. आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, रस्ता सोडून जरा आत. तिथून कर्जतला जायला शेअर रिक्षा असते, पण सगळ्या सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि सकाळी आठच्या आधी भरत नाही. आमचं प्रॅक्टिकल साडेसातला. पहिल्या सत्रात मी बहुतेकदा उशिरा पोचले. एकदा दार लावून घेतलं की आत येऊ देत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी मला बाजूला बोलावून सांगितलं की पुढच्या सत्रातही हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अशा वेळी काय करतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. बाबा शेती बघून एका फार्महाऊसवर माळीकाम करतात. ते शांतपणे म्हणाले की एवढी ओढाताण करण्यापेक्षा आर्ट्सला जा, ते वर्ग दुपारचे असतात. रागावून म्हणाले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी एवढंच म्हटलं की सायकल असली तर मी वेळेत पोचेन. ते म्हणाले, बघू, सायकल येईपर्यंत आर्ट्सचं थांबू.

नवी घेणं जमणार नव्हतं. मोबाईलवर जुन्या वस्तू विकतात तिथे मला एक निळी सायकल दिसली. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर, आणि खाली लिहिलेलं, ‘फारशी वापरलेली नाही.’ शिष्यवृत्ती जमा झाल्यावर मी ती मागवली. पत्ता फार्महाऊसचा दिला, कारण कुरियरवाल्याला आमचं घर सापडत नाही.

खोका आला तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांनी तो भाजीच्या टेंपोत टाकून घरी आणला. संध्याकाळी मी वळणावरून पाहिलं तर आमच्या दारात बायका जमलेल्या, आणि मध्ये सायकल उभी. हँडलला झेंडूचा हार, दांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक, घंटीला हळदीचं बोट. चाकाखालचं लिंबू चिरडून झालेलं. आई मला पेढा भरवायला पुढे आली. मला वाटलं, फोटोपेक्षाही छान आहे.

मग मी बसले. अंगणाच्या टोकाला ब्रेक दाबला तर लागेचना. पाय खाली टेकवून थांबले. पेडल मारलं की साखळी निसटायची. मागच्या टायरला भेगा होत्या, टोपली नव्हती, कॅरियरही नव्हतं. निळा रंग मडगार्डवर सोलला होता आणि खालून लाल दिसत होता.

“मळ तर इचारू नको,” आई म्हणाली. “लय घान व्हती गं. कोंबड्या बसत असतील तिच्यावर. बायका बघाया येनार, दारात अशी ठिवू कशी?”

म्हणून तिने राख आणि काथ्या घेऊन ती भांड्यांसारखी घासली होती. चाकाच्या तारासुद्धा एकेक. गाडी कुठलीही असो, आधी धुवायची आणि मग पुजायची, त्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी तक्रार लिहिली. मराठीत लिहू की इंग्रजीत, यावर बराच वेळ गेला. मग दोन्हीत लिहिली आणि फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की फोटोत वस्तू स्वच्छ आणि सजवलेली दिसते, तरी मिळाली त्या अवस्थेतले फोटो पाठवावेत. मी पूजेबद्दल समजावून लिहिलं. टोपली नाही हे तरी दिसतंय, असंही लिहिलं. त्यावर पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच.

मी ते वाचून दाखवलं. आई हात थांबवून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आपल्यामुळे झालं असं तिला वाटतंय, आणि मी वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने ती उठली.

“मग परत चिखल लावू का? शेतात हाय की ढीगभर.”

ती थट्टा करत नव्हती. बाबांना आधी हसू आलं, मग मला, आणि शेवटी ती स्वतःही हसायला लागली. मी म्हटलं, नको गं, तो चिखल आपला असेल, त्यांचा नाही. हसणं थांबल्यावर बाबा म्हणाले, जशी आहे तशी पाठवून दे, जेवढं परत मिळेल तेवढं घे. आर्ट्सचं नाव त्यांनी काढलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

“पुजलेली गाडी कोन परत धाडतं?” आई म्हणाली. “वाडीतल्या समद्या बायांनी कुंकू लावलंय तिला. आनि नारळ कुनी फोडला? तुमीच ना?”

नारळ बाबांनीच फोडला होता. रविवारी त्यांनी त्याच टेंपोत सायकल चढवली आणि मला बरोबर घेऊन कर्जतला गेले. दुरुस्तीवाल्याने हार बघून विचारलं की नवरी नटवून आणलीय, पण हिला चालता येतं का? बाबा म्हणाले, “त्याच्यासाठीच आनलीय. पोरीला साडेसातला पोचायचंय.” साडेसात हे त्यांच्या लक्षात होतं, याचंच मला जास्त वाटलं. ब्रेकच्या केबली, साखळी आणि मागचं टायर बदललं. टोपली मिळाली नाही. खोक्याला गुंडाळलेली दोरी बाबांनी हँडलला बांधून दिली, बॅग अडकवायला.

सोमवारी अंधार पुरता सरायच्या आत मी निघाले. नदीच्या बाजूला धुकं होतं आणि फार्महाऊसची कुत्री फाटकामागून भुंकत होती. चढाला साखळी निसटेल असं सारखं वाटत होतं, पण ती निसटली नाही. कॉलेजात पोचले तर प्रयोगशाळेला कुलूप. शिपाईकाका किल्ल्या घेऊन आले आणि म्हणाले, “आज तूच पहिली गं?” मी हो म्हटलं.

दार उघडेपर्यंत पायरीवर बसून मी मोबाईल पाहिला. वस्तू कशी वाटली ते लिहा, असा निरोप परत आला होता. मी लिहिलं, ‘सायकल फोटोतल्यासारखी नव्हती. खूप मळलेली होती आणि ब्रेक चालत नव्हते. आता चालतात.’ शेवटचं वाक्य त्यांच्या उपयोगाचं नाही असं वाटून मी ते खोडलं, मग पुन्हा लिहिलं. खाली फोटो जोडायला जागा होती. माझ्याकडे होता तो जोडला, हार घातलेला.